डोळे आधी कपडेच बघतात, आतलं बघायची सवय कशी लावायची?

तुळस_हडपसर
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच एवढं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आम्ही सोलापूर रोडला राहतो. पुण्यातला मुक्काम आटपून माउलींची आणि तुकोबांची पालखी निघते तेव्हा दोन्ही हडपसरपर्यंत आमच्याच रस्त्याने येतात, मग माउली दिवे घाटाकडे वळतात आणि तुकोबा लोणी काळभोरकडे. आमची सोसायटी दरवर्षी गेटबाहेर टेबल लावून भाकरी, पिठलं, केळी, पाणी वाटते. मी गेली सात-आठ वर्षं वाढायला असते आणि खरं सांगते त्या सकाळची मी वर्षभर वाट बघते.

यंदा साडेआठच्या सुमाराला एक बाई आल्या, पन्नास-पंचावन्नच्या असतील, केसांच्या जटा झालेल्या, ब्लाउजला हुकाच्या जागी सेफ्टी पिन, एका पायाला प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधलेली. गळ्यात माळ नाही, कपाळाला बुक्का नाही, आजूबाजूला दिंडी नाही. पदरात दोन भाकऱ्या घेतल्या आणि म्हणाल्या अजून दोन द्या. मी म्हटलं, "मावशी, हे वारकऱ्यांसाठी आहे हं." ओरडले नाही, अगदी गोड आवाजात म्हटलं, आणि तेच आता जास्त टोचतंय. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, पदरातली एक भाकरी काढली, टेबलावर परत ठेवली आणि गर्दीत निघून गेल्या.

पाच मिनिटांनी एक आजोबा आले, पांढरंशुभ्र धोतर, हातात टाळ, द्रोण घ्यायच्या आधी वाकून माझ्या पायाला हात लावला, "माउली" म्हणाले. मीही वाकले, वारीत तशी रीतच आहे, वय बघत नाहीत. पण वाकताना समोर टेबलावर ती परत केलेली भाकरी दिसत होती.

त्या बाई वारकरी होत्या की नाही मला आजपर्यंत माहीत नाही. मी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणते, सगळ्यांत देव आहे हे लहानपणापासून ऐकत आले, आणि वेळ आली तेव्हा डोळ्यांनी फक्त माळ आणि बुक्का शोधला. तर रोजच्या धावपळीत, बाजारात, ऑफिसात, लिफ्टमध्ये, माणसाचं आतलं बघायची सवय कुणी स्वतःला लावून घेतलीय का? उपदेश नको, अनुभव सांगा प्लीज.

पांडुरंगाची_लेक
ताई वाचताना डोळे भरून आले. मला तर वाटतं तो विठ्ठलच आला असेल तुमच्याकडे त्या रूपात. नाथ महाराजांची गोष्ट आठवा, काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. देव कुठल्या रूपात येईल सांगता येत नाही म्हणून मी दाराशी आलेल्या कुणालाच रिकामं पाठवत नाही, निदान पाणी तरी विचारते. तुम्हाला एवढी बोच लागली यातच तुमचं मन कळतं, फार त्रास करून घेऊ नका.

भीमाकाठ
तुळसताई, वरच्या ताईंचा भाव चांगलाच आहे पण मला त्यात एक गोष्ट पटत नाही, ती लिहितो, राग मानू नये.

आपण म्हणतो तो विठ्ठल असेल, म्हणजे आपल्याला वाईट कशाचं वाटतं? मोठं कुणीतरी ओळखू आलं नाही याचं. त्या बाई नुसत्याच भुकेल्या असतील, ना वारकरी ना देव, तर मग त्यांना एक भाकरी परत करायला लावणं चाललं असतं का? आमच्या घरी नाथांची गोष्ट सांगतात त्यात गाढव पाणी पितं, उठतं आणि चालायला लागतं, बस. ते गाढवच राहतं. मला ती गोष्ट तेवढ्यासाठीच आवडते.

मी पंढरपूरचा. इथं महाद्वारात नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोरच चोखोबांची समाधी. पायरीला हात लावायला सगळे वाकतात, चोखोबांकडे लक्ष जातंच असं नाही. चोखोबा मंगळवेढ्याचे, 1338 साली गावकुसाचं काम चालू असताना भिंत अंगावर कोसळून गेले, बरोबर बाकीचे मजूरही गाडले गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती नामदेवांनी उचलून आणली आणि इथं समाधी दिली असं परंपरा सांगते. समाधी दाराबाहेर, कारण जिवंतपणी त्यांना आत घेतलंच नव्हतं.

"ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा", हा त्यांचाच अभंग. आपण तो सुविचारासारखा म्हणतो, पण ज्यानं तो म्हटला तो दाराबाहेर उभा राहून म्हणत होता. आणि पुढची सहाशे वर्षं हाच अभंग टाळ वाजवून म्हणणाऱ्या लोकांनी चोखोबांच्या माणसांना त्याच दारात अडवलं. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी इथं तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केलं तेव्हा कुठे मंदिर सगळ्यांना उघडलं. माझे आजोबा तेव्हा तरुण होते, अभंग सगळे पाठ, आणि तरी उपोषणाच्या विरोधातल्या लोकांत बसायचे. घरात हे कुणी बोलत नाही, मला मोठेपणी कळलं. ते दुष्ट नव्हते हो, मला खांद्यावर बसवून चंद्रभागेला न्यायचे. पण अभंग तोंडात राहिला, डोळ्यांपर्यंत पोचलाच नाही.

म्हणून सवयीचं विचारलंत तर मी एवढंच करतो, एखाद्या माणसाला बघून मनात "हा कोण असेल" असं आलं की स्वतःला विचारतो, कोण आहे हे कळल्यावर माझं वागणं बदलणार आहे का? बदलणार असेल तर गडबड माझ्यात आहे.

वऱ्हाडी_माणूस
भीमाकाठ भाऊ, एक नंबर लिहिलं.

मी अमरावतीकडचा, आमच्याकडे या विषयावर गाडगेबाबांशिवाय बोलणंच होत नाही. 1876 चा जन्म, शेणगावचा. अंगात चिंध्यांचं शिवलेलं, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर मडक्याचं खापर आणि हातात खराटा. गावात आले की आधी रस्ता झाडायला लागायचे. माझी आजी लहान होती तेव्हा तिनं त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. ती सांगायची, दिवसा गावातल्या एका बाईनं त्यांना भिकारी समजून "गोठा झाड मग भाकर देते" म्हटलं, बाबांनी गोठा झाडला, भाकर खापरात घेतली आणि खाल्ली. रात्री कीर्तनाला तीच बाई पुढे बसलेली, ओळखल्यावर उठून पाया पडायला धावली तर बाबांनी पडू दिलं नाही, कुणालाच पडू द्यायचे नाहीत. मग त्यांनी तिला रागावलं का, तर नाही, उलट सगळ्यांसमोर म्हणाले की या माउलीनं काम करून घेतलं आणि भाकर दिली, फुकटचं दिलं नाही.

आजीला ते फार लागलं होतं. ती म्हणायची, आम्हाला वाटलं तिची फजिती होईल, अन् बाबानं तर तिचं चांगलं तेवढंच उचललं. म्हणजे आतलं बघणं हे त्या बाईच्या बाबतीत पण लागू आहे ना? तुळसताई, तुम्ही आठ वर्षं उन्हात उभं राहून वाढता हेही तुमच्या आतलंच आहे.

आणखी एक, पंढरपुरात बाबांनी जी धर्मशाळा बांधली तिला नाव दिलं चोखामेळ्याचं, आणि पुढे ती बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेकडे सोपवली. दाराबाहेरच्या माणसाच्या नावानं घर बांधलं, हे मला त्यांच्या कीर्तनाएवढंच मोठं वाटतं.

डबल_बेल
मी एसटीत कंडक्टर आहे, एकवीस वर्षं झाली. आमचं कामच चेहरा बघायचं आहे ताई, कोण पाचशेची नोट काढणार, कोण दोन स्टॉप पुढे जाऊन उतरणार, दारातून चढतानाच कळतं. त्यामुळे वरचं बघूच नका असं मी म्हणणार नाही, बघावंच लागतं. फक्त त्यावर शिक्का मारायचा नाही, उघडं ठेवायचं.

मागच्या उन्हाळ्यात सांगोल्याच्या गाडीत एक म्हातारे चढले. पाठ वाकलेली, तोंडात दात नाही, हाताला भेगा अशा की त्यात माती कायमची बसलेली. पंच्याहत्तरच्या पुढं आपल्याकडं फुकट प्रवास आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट. मी कार्ड न बघताच झीरो तिकीट फाडायला लागलो, ऐंशीच्या खाली कुणी म्हटलं नसतं. त्यांनी माझा हात धरला, पिशवीतून प्लास्टिकमधलं आधार कार्ड काढलं आणि म्हणाले, "मास्तर, मी अजून अडुसष्टचाच हाय, हाफ द्या." आणि धोतराच्या सोग्याची गाठ सोडून पैसे मोजून दिले.

मी त्या दिवशी दोन गोष्टी चुकलो. एक तर वय चुकलो, कारण आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबून माणूस असा दिसतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि दुसरं, मी त्यांच्यावर मेहेरबानी करतोय असं मला वाटत होतं. गाडी सांगोल्याला लागेपर्यंत मी मागं वळून वळून त्यांच्याकडे बघत होतो. खिडकीतून पीकपाणी बघत निवांत बसले होते.

सिस्टर_नाईट_ड्युटी
सरकारी हॉस्पिटलात आहे, नाव सांगत नाही.

आमच्याकडे रस्त्यावरून आणलेले पेशंट येतात, कागदावर "अनोळखी पुरुष, वय अंदाजे अमुक" असं लिहिलेलं. वास येतो, उवा असतात, जखमेत किडे असतात, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मलाही किळस येते आणि ती वीस वर्षांनी पण येते. अध्यात्मानं किळस जात नाही माझ्या तरी अनुभवात. पण आमच्या एका जुन्या मेट्रननं एक शिकवलं होतं, हात लावायच्या आधी विचारायचं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" पेशंट बेशुद्ध असला तरी विचारायचं. शुद्धीवर असला तर सांगतो, कुणी नाव सांगतं, कुणी "अण्णा म्हणा" म्हणतं, एकदा एकानं सांगितलं "मला बाळ्या म्हणायची आई". साठीचा माणूस. त्यानंतर मला त्याची दाढी करताना काही जड गेलं नाही. नाव कळलं की नजर आपोआप बदलते, मला प्रयत्न करावा लागत नाही. देव दिसतो का, तर मला नाही दिसत. बाळ्या दिसला.

तुळसताई, पुढच्या वेळी वाढताना एवढंच करून बघा.

तुळस_हडपसर
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस परत परत वाचतेय. भीमाकाठदादा, तुम्ही आजोबांचं लिहिलंत ते लिहायला सोपं नसणार. पांडुरंगाची_लेक ताई, दाराशी आलेल्याला निदान पाणी, हे मी पण धरलंय.

त्या बाई आता भेटायच्या नाहीत हे मला माहितीये. एक केलं, काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हटलं की आपल्या बॅनरवर "फक्त वारकऱ्यांसाठी" लिहिलंय त्यातलं "फक्त" काढू या. दोन-तीन जण म्हणाले मग कुणीही येईल आणि दिंडीला पुरणार नाही, आणि त्यांची काळजी पण खोटी नाही, गेल्या वर्षी अकरा वाजताच पिठलं संपलं होतं. मी म्हटलं जादाचं दहा किलो पीठ माझ्याकडून आणि भाकऱ्या थापायला मी रात्री बसते. अजून ठरलं नाही पण सेक्रेटरी काका नाही म्हणाले नाहीत. कुणाला माहीत असेल तर सांगा, दहा किलो ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या साधारण किती होतात?

डबल_बेल
माझ्या मंडळी म्हणतात किलोला दहा ते बारा, मोठ्या थापल्या तर आठ. म्हणजे शंभर धरून चाला. पीठ ताजं दळून आणा, जुन्या पिठाच्या भाकरीला चिरा पडतात आणि थापायला वेळ लागतो.