आयटी विभागाचं काम बदललंय, संपलेलं नाही

एआय आल्यावर आयटी विभाग म्हणजे नुसता पासवर्ड बदलून देणारा कोपरा उरेल, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

२०२३ मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीचा सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर) चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. पण नुसत्या बंदीने लोक स्वतःच्या मोबाइलवर तेच वापरू लागतात, आणि काय बाहेर जातंय हे कळायची सोयच उरत नाही. म्हणून तपासलेलं साधन आतच देणं हे आयटीचं काम झालं.

त्याहून मोठा प्रश्न परवानग्यांचा. मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट, म्हणजे वर्ड-एक्सेलसोबत चालणारा एआय मदतनीस, कंपनीच्या फाइल्सपैकी विचारणाऱ्याला ज्या उघडता येतात त्याच वापरून उत्तर देतो. ऐकायला सुरक्षित वाटतं. पण पगाराची एखादी एक्सेल शीट कधीतरी घाईत सगळ्यांना शेअर झालेली असते. कोणाला सापडत नव्हती, एवढ्यावरच ती झाकलेली होती. आता साधा प्रश्न विचारला की समोर येऊ शकते. त्यामुळे आधी शेअरपॉइंटची (कंपनीच्या फाइल्स ठेवायची मायक्रोसॉफ्टची सामायिक जागा) जुनी फोल्डरं उपसावी लागतात. फार कंटाळवाणं काम, आणि त्याचं कौतुक कोणी करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. रजेच्या नियमांच्या चार आवृत्त्या पडून असतील तर एआय जुनीही वाचून दाखवू शकतो.

ही साफसफाई एकट्या आयटीकडून होणारी नाही. कुठली फाइल चालू आहे हे एचआर आणि अकाउंट्सनाच माहीत असतं. तुमच्या कंपनीत अशी साफसफाई झाली असेल, तर त्यांना सोबत घेतलं होतं का?