मदत हवी आहे: जुन्या पेडल कयाकवरून समुद्रात मासेमारी

नमस्कार मंडळी. सॅन डिएगोत जुनी होबी आउटबॅक (पायांनी पेडल मारून चालवायची कयाक, म्हणजे छोटी अरुंद होडी) घेतलीय. इथल्याच ला होया किनाऱ्याजवळच्या केल्पच्या (उंच वाढणाऱ्या समुद्री शैवालाच्या) कडेला येलोटेल माशांसाठी जायचंय, पण खुल्या समुद्रात मी अगदी नवखा आहे. लाइफ जॅकेट, संपर्कासाठी व्हीएचएफ रेडिओ आणि उंच काठीवरचा झेंडा यांत तडजोड नाही. कयाक उलटली तर पुन्हा चढायचा सराव मिशन बेच्या शांत पाण्यात सुरू आहे.

अडलंय ते पुढे. फिश फाइंडरची (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राची) बॅटरी कयाकच्या आत नेमकी कुठे बांधता? मिराज ड्राइव्हच्या (पेडल मारल्यावर कयाकखाली पाती हलवणाऱ्या यंत्रणेच्या) पात्यांत केल्प गुंततं, मग तिथे सरळ वल्हंच मारावं का? आणि परतताना, फुटत्या लाटांत शिरण्याआधी ड्राइव्ह नक्की कधी वर काढता? वाळूवर पाती वाकतील याचीच जास्त धास्ती वाटते. तिथे नेहमी जाणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.