प्रतिसाद : कॅल्साइटमधले मँगनीज

जालन्याजवळच्या खाणीत मिळालेल्या फिकट गुलाबी कॅल्साइटमध्ये लोखंड आहे की मँगनीज, हे ईपीआरने (इलेक्ट्रॉन अनुचुंबकीय अनुनाद : चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या नमुन्यातले अयुग्मित, म्हणजे जोडीविना असलेले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मलहरी कोणत्या क्षेत्राला शोषतात हे पाहण्याची पद्धत) कळेल का, असा प्रश्न वर विचारला आहे. मँगनीज असेल तर नक्की कळेल. लोखंडाबाबत मात्र सावध राहावे लागेल.

कॅल्साइटमध्ये कॅल्शियमच्या जागी बसणाऱ्या द्विसंयुज (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) मँगनीजकडे पाच अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात, आणि त्याच्या अणुकेंद्राचे स्पिन (अणुकेंद्राच्या चुंबकीय स्वभावाशी निगडित अंक) ५/२ असल्यामुळे प्रत्येक संक्रमण (इलेक्ट्रॉनांची एका ऊर्जापातळीतून दुसरीत उडी) सहा रेषांत विभागले जाते. म्हणून सुमारे ९.५ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी वापरल्यास ३४० मिलिटेस्लाच्या आसपास, एकमेकींपासून साधारण ९ मिलिटेस्ला अंतरावर असलेल्या सहा रेषा दिसतात. ही मँगनीजची जणू सहीच. तांबे असते तर स्पिन ३/२ मुळे चारच रेषा मिळाल्या असत्या.

खडा कुटून भुकटी केली तरी या सहा रेषा टिकतात, पण माझ्या मते चांगला स्फटिक हाती असताना तो कुटू नये. अखंड स्फटिक चुंबकीय क्षेत्रात थोडा थोडा फिरवत मोजणी केली, तर सूक्ष्म रचनेच्या, म्हणजे पाच संक्रमणांच्या प्रत्येकी सहा अशा, तीस रेषा दिशेनुसार सरकताना दिसतात आणि मँगनीजच्या आयनाभोवती शेजारच्या अणूंनी निर्माण केलेल्या क्षेत्राची सममिती त्यावरून काढता येते.

द्विसंयुज लोखंड नेहमीच्या उपकरणावर, खोलीच्या तापमानाला, बहुधा दिसतच नाही, त्यामुळे रेषा नाहीत म्हणून लोखंड नाही असे म्हणता येणार नाही. १९४४ मध्ये रशियातील कझान येथे भौतिकशास्त्रज्ञ झावोइस्की यांनी हा अनुनाद प्रथम नोंदवला, तोही तांबे व मँगनीज यांच्याच क्षारांवर.