प्लेटलेट २२ हजार म्हणून रात्री दोनला पिशव्या शोधायच्या?

राजारामपुरीकर: काल गल्लीच्या ग्रुपवर मेसेज पडला: 'डेंग्यू पेशंट, प्लेटलेट २२ हजार, चार पिशव्या अर्जंट, नाहीतर जीव जाईल.' रक्तपेढीत बारा वर्षं काढलीत, म्हणून राहवत नाही. जाऊन बघतो तर पेशंट कॉटवर बसून पेज पितोय, रक्त कुठनंच नाही. लॅन्सेटमध्ये २०१७ ला सिंगापूर-मलेशियाचा अभ्यास आला, २० हजार किंवा त्याखालच्या मोठ्या माणसांवर. प्लेटलेट चढवून रक्तस्राव कमी झाला नाही, उलट पुरळ-ॲलर्जी वाढली. डेंग्यूत घात होतो तो बहुतेक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बीपी कोसळल्यानं. ताप उतरला की खरी राखण सुरू. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का बघा (पाणी झिरपलं की तो चढतो), लघवी बघा, पोट दुखतंय का विचारा.

गडहिंग्लजची लेक: माझ्या भावाला १४ हजारावर हिरड्यांतनं रक्त सुटलं, उशीचा अभ्रा लाल झालेला. पहाटे एसडीपी, म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेटची पिशवी मिळाली म्हणून तो आज हाय. तुमचा अभ्यास आमच्या आईला सांगून बघा.

राजारामपुरीकर: ताई, रक्त सुटल्यावर चढवायलाच पाहिजे. मी कुठं नको म्हटलं?

कळंबा नाका: पिशव्यांचं सोडा, डासांचं बोला. आमच्याकडं एक दिवसाआड पाणी, मग घरोघरी बॅरल भरणारच की.

शुक्रवार पेठ: बॅरल भरा, पण घासता का? अंडी पाण्यात नाही, काठाला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून काय होतंय?

कळंबा नाका: सकाळी सहाला ड्युटी असते माझी. तुम्ही या घासायला!

शुक्रवार पेठ: माझी पोरगी सात दिवस ॲडमिट होती, शेजारच्या गच्चीवरच्या टायरांमुळं. तीनदा सांगून झालं, शेवटी भांडण. त्यामुळं मला ड्युटी सांगू नका.

कळंबा नाका: पोरीचं वाईट वाटलं. रविवारी घासतो बॅरल. पण पाणी रोज सोडा म्हणणं मी सोडणार नाही.

गडहिंग्लजची लेक: राजारामपुरीकर, तुमचं थोडं पटलं, सगळं नाही. आम्हाला त्या आठवड्यात हिमॅटोक्रिट हा शब्दच कुणी सांगितला नव्हता. नर्स दारात यायची, प्लेटलेटचा आकडा सांगून जायची. आकडा उतरला की आई देवापुढं बसायची. घाबरणार नाही तर काय? तुमच्या गल्लीतला पेशंट कसा आहे?

राजारामपुरीकर: तेवढं आमच्या लोकांचं चुकतंच, मान्य. पेशंटची प्लेटलेट आज १९ हजार. हिमॅटोक्रिट ४९ वरून ४३ वर, बीपी जागेवर, लघवी साफ. पिशवी एकही चढवली नाही. सकाळी भाकरी मागितली त्यानं.