फ्लॅश आणि सिल्व्हरलाइटमधले जुने आलेख आजच्या ब्राउझरात कसे चालवायचे?

रेघोट्या:
भौतिकशास्त्राची दोन जुनी परस्परसंवादी चित्रं आहेत, फ्लॅश आणि सिल्व्हरलाइट या आता बंद पडलेल्या ब्राउझर-प्लगइनांसाठी केलेली. लंबकाचं चित्र फ्लॅश ८ मधलं (फ्लॅशची भाषा ॲक्शनस्क्रिप्ट २, सेकंदाला १२ फ्रेम). लहरींचा आलेख सिल्व्हरलाइटचा. त्याची फक्त झॅप (.xap) फाइल हाती आहे, सोर्स नाही. दोन्हींत स्लायडर ओढला की आकृती बदलते. मोबाइलवरही चालायला हवीत. नव्याने लिहायची तर कॅनव्हास (पिक्सेल रंगवून काढायचं चित्र) घ्यावा की एसव्हीजी (आकारांच्या वर्णनातून उभं राहणारं चित्र)?

पिक्सेलराव:
लंबकासाठी आधी रफल (जुन्या फ्लॅश फाइली आजच्या ब्राउझरात चालवणारं एम्युलेटर) लावून बघा. ॲक्शनस्क्रिप्ट २ ते चांगलं पेलतं. रडारड असते ती ३ ची. रफलच्या फाइली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा आणि त्यातली वाझम (वेबअसेंब्ली, .wasm) फाइल 'ॲप्लिकेशन/वाझम' या माइम टाइपनेच (सर्व्हर सांगतो त्या फाइल-प्रकारानेच) जातेय ना, ते तपासा. पान डबल-क्लिक करून थेट उघडलं तर बहुतेक वेळा काहीच दिसणार नाही. लोकल सर्व्हर लागतोच, पायथनचा एका ओळीतला पुरे.

तळटीप:
झॅप म्हणजे साधी झिप फाइल. एक्स्टेन्शन बदलून उघडा, आतली डीएलएल आयएलस्पाय या डीकंपायलरमध्ये टाका. सी-शार्प कोड जवळपास जसाच्या तसा वाचता येतो आणि रिसोर्सेसमध्ये झॅमलही (सिल्व्हरलाइटची आकृत्या मांडायची भाषा, XAML) सापडतं. ॲडोबीचं फ्लेक्स की सिल्व्हरलाइट यावर २००८ च्या सुमारास जुंपायची तेव्हा या झॅमलला कुणी भाव देत नव्हतं, पण आज तेच कामाला येतं: त्यातल्या पाथचा 'डेटा' एसव्हीजीच्या 'डी'मध्ये जवळजवळ थेट चालतो.

एक खोच आहे. डेटाच्या सुरुवातीचं एफ० किंवा एफ१ एसव्हीजीला कळत नाही, ते काढा. एफ१ असेल तर फिल-रूल (आकाराचा कोणता भाग रंगाने भरायचा तो नियम) नॉनझीरो. एफ० असेल किंवा काहीच नसेल तर इव्हनऑड स्वतः लिहावं लागतं, कारण झॅमलचा डिफॉल्ट इव्हनऑड आणि एसव्हीजीचा नॉनझीरो. हे राहिलं की आकृतीतली भोकं बुजतात.

रेघोट्या:
झॅमल मिळालं, आभार! रफलमध्ये लंबकही हलतोय, पण तो कायमचा कॅनव्हासवर आणायचा विचार आहे.

सातारकर:
लहरींच्या आलेखात दोनतीनशे बिंदूंची एकच रेघ असेल तर एसव्हीजीच घ्या. हजारो सुटे कण उडवायचे असतील तरच कॅनव्हास. लंबकाला दोन्ही चालतील.

कॅनव्हासवर चित्र धूसर दिसलं तर डिव्हाइस-पिक्सेल-रेशो (सीएसएसच्या एका पिक्सेलला पडद्याचे किती पिक्सेल) विसरलात असं समजा. पानावर ६०० रुंदी आणि रेशो २ असेल तर कॅनव्हासची स्वतःची रुंदी १२००, सीएसएसमध्ये ६००, आणि सेटट्रान्सफॉर्मने दुप्पट. उंचीचंही तसंच.

वेगाचं नीट बघा. रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम (दर फ्रेमला तुमचा कोड बोलावणारं ब्राउझरचं फंक्शन) पडद्याच्या गतीने चालतं. फ्लॅशचा जुना एंटरफ्रेममधला (दर फ्रेमला चालणारा) कोड त्यात तसाच टाकला तर ६० हर्ट्झवर लंबक पाचपट धावेल, १२० वर दहापट. सरळ चालीला 'फ्रेममागे पिक्सेल' गुणिले १२ करून सेकंदाचा वेग काढता येतो. पण 'उरलेल्या अंतराच्या ०.२' अशा ईझिंगला (हळू होत थांबणाऱ्या चालीला) तो गुणाकार लागू पडत नाही. तिथे झालेला वेळ साठवत जा आणि दर ८३.३ मिलिसेकंद भरले की जुनी पायरी एकदा चालवा. टॅब मागे गेला की फ्रेम थांबतात आणि परतल्यावर एकदम मोठा फरक येतो. तो २५० मिलिसेकंदांवर छाटा.

रेघोट्या:
आणि मोबाइलवर स्लायडर ओढताना पानच सरकतं, त्याचं काय?

पिक्सेलराव:
स्लायडरच्या मुठीला सीएसएसमध्ये 'टच-ॲक्शन: नन' द्या. माउस इव्हेंट सोडून पॉइंटर इव्हेंट घ्या आणि पॉइंटरडाउनला सेटपॉइंटरकॅप्चर करा, म्हणजे बोट मुठीबाहेर गेलं तरी ओढणं तुटणार नाही. टच-ॲक्शन पूर्ण चित्राला मात्र देऊ नका, नाहीतर चित्रावर बोट ठेवून पान खाली नेताच येणार नाही.