प्रति: रियाज, बोटं आणि मेंदू

वर एकांनी लिहिलंय, ‘रियाजाने बोटांत ताकद येते, मेंदूचा काय संबंध?’ संबंध आहे, आणि तो मोजलेलाही आहे. मेंदू-संशोधक कार्नी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लोकांकडून बोटं अंगठ्याला टेकवण्याचा एक ठरावीक क्रम रोज थोडा वेळ करवून घेतला. काही आठवड्यांनी एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) त्या क्रमासाठी मेंदूच्या हालचाल-पट्ट्याचा जास्त भाग जागा होताना दिसला. गंमत अशी की त्याच हालचाली वेगळ्या क्रमाने करायला सांगितल्या, तर तो फायदा नाही! ताकदच वाढली असती तर दोन्हीकडे दिसायला हवी होती ना?

आमच्या नाशिकच्या पंचवटीतल्या तबल्याच्या क्लासात हेच रोज दिसतं. ‘तिरकिट’ हा बोल पाण्यासारखा सहज वाजवणाऱ्या पोराला ‘धिरधिर’ हा दुसरा बोल दिला की पंजा लाकडासारखा ताठ.

मेंदू-संशोधक पास्क्वाल-लिओनींचा पियानोवरचा प्रयोगही त्याच सुमाराचा. रोज दोन तास, पाच दिवस. नुसतं मनात वाजवणाऱ्यांच्या मेंदूतही बोटांचा नकाशा, म्हणजे बोटं हलवणारा भाग, विस्तारला. त्यामुळे सिटीलिंक बसमध्ये मांडीवर हात ठेवून बोल पुटपुटणाऱ्या भाच्याला मी हल्ली टोकत नाही. अर्थात सफाईत प्रत्यक्ष वाजवणारेच पुढे होते, हे त्याला सांगून ठेवलंय.