मागच्या अंगणात लहान मुलांसाठी खेळायची जागा: २० बाय २५ फुटांत काय काय बसेल?

ओसरी:
घरामागे २० बाय २५ फूट मोकळी जागा आहे. मुलं दोन, एक अडीच वर्षांचं आणि एक पाच. दुपारी दोननंतर पश्चिमेचं ऊन थेट येतं आणि पाऊस पडला की पाणी बराच वेळ रेंगाळतं. सध्या डोक्यात आहे ते असं: ७ फुटी झोपाळा, तयार घसरगुंडी, वाळूचा हौद आणि खाली सगळीकडे कृत्रिम हिरवळ. एवढं सगळं बसेल का? आणि महिनाभरात मुलं कंटाळू नयेत म्हणून काय करावं?

काटकोन:
आधी झोपाळ्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त जागा तोच खातो. साखळी जितक्या उंचीवर टांगली असेल त्याच्या दुप्पट जागा पुढे आणि तेवढीच मागे मोकळी लागते, कारण मुलं झोका चालू असतानाच उडी मारतात. ७ फुटांवर टांगला तर १४ अधिक १४, म्हणजे २८ फूट. तुमची लांबातली लांब बाजू २५ फूट. वरची आडवी दांडी ५ फुटांवर आणली तरी २० फुटांचा पट्टा जातो, शिवाय दोन्ही अंगांना सहा-सहा फूट. झोपाळा काढून टाका, बाकीचं सगळं ऐसपैस बसेल.

कृत्रिम हिरवळही नको. उन्हात ती पायाला चटका बसेल इतकी तापते आणि नुसती अंथरली तर पडणाऱ्याला वाचवत नाही. खरं गवतही चढायच्या वस्तूखाली पुरत नाही. तुडवून तुडवून जमीन दगडासारखी होते. तिथे लाकडाच्या ढलप्या टाका. दबल्यावर ९ इंच थर राहायला हवा, म्हणून सुरुवातीला १२ इंच पसरा आणि कडेने फळीचा बांध घाला, नाहीतर त्या पसरून जातात. वस्तूच्या चारी बाजूंना ६ फुटांपर्यंत हा थर हवा.

तयार काहीही घेतलंत तरी टेप घेऊन फटी मोजा. साडेतीन ते नऊ इंचांमधली कुठलीही बंद फट वाईट: अंग आत सरकतं आणि डोकं अडकतं. नटाच्या पुढे बोल्टचे दोनपेक्षा जास्त आटे बाहेर दिसत असतील तर कापून, घासून टोपीचा नट बसवा.

मातीकाम:
घसरगुंडी मातीच्या टेकाडावर आडवी टेकवा. शिडी नाही, कठडा नाही, पडायची उंचीच नाही, आणि अडीच वर्षांचं मूल स्वतः रांगत वर जातं. २ फूट उंच आणि तळाशी ८ फूट रुंद टेकाडाला दाबल्यानंतर साधारण ४० घनफूट माती लागते. सहा-सहा इंचांचे थर ओले करून धुमसा. एकदम ढीग ओतला तर पहिल्या पावसात खचतो आणि घसरगुंडीचा पत्रा अधांतरी राहतो. घसरगुंडीचं तोंड पश्चिमेला ठेवू नका. प्लॅस्टिक असो वा पत्रा, मुलाला बसवायच्या आधी हाताचा मागचा भाग टेकवून बघायचा.

वाळूचा हौद ५ बाय ६ फूट पुरेल. वाळू एक फूट खोल, म्हणजे ३० घनफूट, पाव ब्रासला थोडी वरच. यापेक्षा उथळ केलात तर खणायचा आनंदच जातो, दोन फावड्यांत तळ लागतो. वाळू गोल दाण्याची आणि धुतलेली घ्या. क्रश सँडचे कण टोकदार असतात आणि धूळ फार. पारखायला बाटलीत एक तृतीयांश वाळू, वर पाणी, हलवून ठेवून द्या. वाळूवर चिखलाचा जाडसर थर बसला तर ती वाळू सुकल्यावर घट्ट होते आणि कपडे रंगवते. खाली प्लॅस्टिक अजिबात घालू नका. पाणी अडकून पंधरा दिवसांत वाळू काळी पडते, कुबट वास येतो. ४ इंच खडी, त्यावर पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड, मग वाळू.

पण खणण्याआधी एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा.

ओसरी:
खड्डा करून बघितला. दुसऱ्या दिवशी दुपारीही चार-पाच इंच पाणी होतं. मग हौद रद्द करायचा का?

मातीकाम:
रद्द कशाला? खणू नका, वर बांधा. खड्डा केलात तर अशा जमिनीत खडीसकट त्याची विहीर होईल. जमिनीवरच ४ इंच खडी पसरा, त्यावर कापड आणि १४ इंच उंच फळ्यांची चौकट. तळाशी फळी खडीवर टेकते, पाणी तिथून निघून जातं. काठावर ८ इंच रुंद फळी आडवी मारा: बसायलाही होते आणि वाळूचे लाडू थापायलाही. धाकट्यासाठी बाहेर ६ इंची पायरी द्या. टेकाडासाठीही ही चिकण माती नको, ती उन्हात भेगाळते आणि पावसात निसरडी होते. मुरूम आणून धुमसा, वर ६ इंच चांगली माती आणि गवत.

मांजरं वाळूत घाण करतात, त्यामुळे रात्री झाकण हवंच. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी लावा. ताडपत्रीखाली ओल कोंडते.

खडूफळा:
कंटाळ्याचं उत्तर सुट्या सामानात आहे. १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एमड्रुपला भंगार सामानाचं पहिलं क्रीडांगण झालं. लँडस्केप रचनाकार सोरेनसेन यांच्या लक्षात आलं होतं की त्यांनी आखलेल्या मैदानांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी जास्त रमतात. घसरगुंडीचं काम एकच. चार फुटी फळी मात्र पूल होते, दुकान होते, उतार होते.

तुमच्या जागेसाठी: ४ फूट लांब, ८ इंच रुंद, काठ घासलेल्या चार फळ्या, सहा क्रेट, ४ इंची पाइप उभा चिरून केलेल्या तीन पन्हळी, कडा कानशीने गोल केलेल्या, जुन्या चादरी, बादल्या, डाव, पातेली. अडीच वर्षांचं मूल आहे, म्हणून पावणेदोन इंचांपेक्षा लहान काही नको, गोटे आणि शंखही नकोत. सगळं एकदम बाहेर काढू नका. अर्धं झाकून ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल करा. लोंबती दोरी मात्र कुठेही ठेवायची नाही.

चिखलाची भातुकली वाळूपासून लांबच्या कोपऱ्यात मांडा, कारण वाळूत माती मिसळली की वाळू गेली. ओटा १८ इंच उंच ठेवा. थोरल्याला जरा वाकावं लागेल, पण धाकट्याचा हात पोचणं महत्त्वाचं. खाली खरबरीत फरशी. पाणी थेट नळाचं नको. तोटीचा पाच लिटरचा डबा भरून द्या. खेळ संपला की टब आणि बादल्या पालथ्या घालाच. दोन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, आणि डास होतात ते वेगळंच.

कुंपणालगत कण्हेर, बिट्टी, धोतरा, एरंड किंवा गुंज असं विषारी काही असेल तर काम सुरू करण्याआधी मुळासकट काढा.

काटकोन:
शेडनेट राहिलं. वाळूच्या पश्चिमेला दोन खांब, २ फूट खोल काँक्रीटमध्ये. काँक्रीटचा माथा मातीखाली ४ इंच दबलेला हवा, उघडा राहिला तर ठेच लागून मूल त्यावरच पडतं. जाळी सपाट न ताणता पश्चिमेकडे उतरती ठेवा: त्या बाजूला साडेसहा फूट, घराकडे आठ. दोननंतरचं तिरपं ऊन त्याच बाजूने आत शिरतं.